रिले बदलतो, बेस राहतो

पंपहाऊसमधले कंट्रोल पॅनेल उघडले की नजर आधी मोठ्या वस्तूंकडे जाते: ब्रेकर, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड. त्यांच्या खाली, ३५ मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे डीन रेलवर, पारदर्शक टोपीचे रिले ओळीने बसलेले असतात. टाकी भरल्याची खबर फ्लोट स्विच देतो, एखादा फेज गेल्याची खबर सिंगल फेज प्रिव्हेंटर देतो आणि त्यानुसार कॉन्टॅक्टर चालू-बंद करण्याचे काम रिले करतो. कॉइलला वीज मिळाली की लोखंडी पट्टी ओढली जाते, एक संपर्क सुटतो, दुसरा जुळतो. पॅनेल विकत घेताना रिले कोणत्या कंपनीचा आहे याची चौकशी होते. तो ज्यात खोचला आहे त्या सॉकेटबद्दल, पॅनेलवाल्यांच्या रिले बेसबद्दल, सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पॅनेल वर्षानुवर्षे बिनतक्रार चालेल की दर पावसाळ्यात रडवेल, हे रिलेपेक्षा बेस कसा बसवला आणि त्याचे वायरिंग कसे केले यावर जास्त ठरते.

रिले हा झिजणारा भाग आहे, हे आधी मान्य करायला हवे. साध्या रिलेची यांत्रिक हालचाल कोटीभर वेळा होऊ शकते. पण पूर्ण क्षमतेचा प्रवाह तोडायचा-जोडायचा असेल तर संपर्कांचे आयुष्य साधारण एक लाख वेळांचे धरतात. प्रत्येक वेळी संपर्क सुटताना ठिणगी पडते आणि त्यावरची चांदी थोडी थोडी जळते. मिनिटाला एकदा काम करणाऱ्या यंत्रावर दिवसाला १,४४० वेळा हे घडते, म्हणजे सुमारे ७० दिवसांत लाख पुरे होतात. भार हलका असेल तर आयुष्य कित्येक पटींनी वाढते, आणि दिवसातून चार-सहा वेळा चालणाऱ्या पंपावर तोच रिले अनेक वर्षे काढतो. तरी एक दिवस तो बदलावा लागतोच. रेडिओच्या व्हॅक्यूम ट्यूबचीही हीच अडचण होती. आज पॅनेलमध्ये सर्रास दिसणारा आठ पिनांचा गोल बेस मुळात त्या ट्यूबसाठी १९३५ मध्ये अमेरिकेत आला आणि पुढे रिलेने तो जसाच्या तसा उचलला. तारा बेसला कायमच्या जोडायच्या आणि रिले वरून खोचायचा, इतकी साधी ही व्यवस्था आहे. मात्र तिचा खरा फायदा हवा असेल तर जे जे टिकायला हवे ते सगळे बेसच्या बाजूला गेले पाहिजे. वायरिंग करताना नेमके हेच सुटते.

नंबराचेच पाहा. ड्रॉइंगमधला रिलेचा नंबर अनेक पॅनेलमध्ये रिलेच्या टोपीवर किंवा वायरिंग चॅनेलच्या झाकणावर चिकटवलेला असतो. रिले बदलला की नंबर कचऱ्यात जातो. दोन चॅनेलची झाकणे अदलाबदल होऊन बसली की नंबरच खोटा ठरतो. बेसवर मार्कर लावायची जागा असते, ती रिकामीच राहते. कॉइलचा व्होल्टेजही तिथेच लिहायला हवा, कारण आठ पिनांच्या बेसमध्ये २४ व्होल्टचा रिले बसतो, २३० व्होल्टचा बसतो आणि टायमरही बसतो. कॉइल बहुतेकदा २ आणि ७ याच पिनांवर असल्यामुळे बेस कुणालाच अडवत नाही. रात्री अडीच वाजता हाताला लागेल तो रिले खोचणाऱ्या माणसाला अडवू शकते ती फक्त बेसवरची चिठ्ठी. २३० व्होल्टवर २४ व्होल्टची कॉइल क्षणात जळते.

डायोडचेही तेच. डीसी कॉइल बंद होताना तिच्यातली चुंबकीय ऊर्जा शेकडो व्होल्टचा उलटा झटका देते आणि तो पीएलसीचे, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरचे, आउटपुट मारू शकतो. म्हणून कॉइलला समांतर डायोड लावतात. तो रिलेच्या आत असेल तर उद्या दुकानातून आणलेल्या साध्या रिलेबरोबर संरक्षण गुपचूप निघून जाते. त्याऐवजी बेसमध्ये खोचायचे डायोडचे मोड्यूल घेतले तर रिले कितीही वेळा बदलला तरी संरक्षण जागेवर राहते. मग कॉइलच्या दोन टर्मिनलपैकी प्लस ए१ ला आणि मायनस ए२ ला, ही शिस्त मात्र पाळावीच लागते. उलटे जोडले तर डायोड थेट शॉर्ट करतो. डायोडमुळे रिले काही मिलिसेकंद उशिरा सुटतो. बहुतेक ठिकाणी त्याने काही बिघडत नाही, पण जिथे बिघडते तिथे ते ड्रॉइंग काढतानाच पाहावे.

आता तारेच्या टोकाकडे येऊ, कारण सर्वाधिक त्रास इथून निघतो. पॅनेलमधली तार मल्टिस्ट्रँड असते. इन्सुलेशन सोलून नुसते टोक स्क्रूखाली दाबले तर काही तंतू बाहेर पसरतात, काही तुटतात आणि उरलेले कालांतराने सैल होतात. एखादा मोकळा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला की जो दोष निर्माण होतो तो शोधण्यात दिवस जातो. यावर उपाय म्हणून टोकाला सोल्डर चढवण्याची जुनी सवय आहे आणि ती चुकीची आहे. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू ढिला पडतो, सांधा तापतो. योग्य मापाची पिन लग क्रिंपिंग टूलने दाबून बसवणे हाच मार्ग आहे. एका टर्मिनलवर दोन तारा आणायच्या असतील तर दोन तारांची लग किंवा बेससाठीच मिळणारी जंपर पट्टी वापरावी. स्क्रूही मनगटाच्या अंदाजाने आवळू नये. बेसच्या माहितीपत्रकात टॉर्क दिलेला असतो, बहुधा अर्धा ते एक न्यूटन-मीटर. जास्त जोर लावला तर आटे जातात आणि मग पूर्ण बेस, सगळ्या तारांसह, बदलावा लागतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे: बेस म्हणजे आणखी एक सांधा, आणि प्रत्येक जादा सांधा म्हणजे जादा बिघाड. हे खरेच आहे. हलक्या बेसमधली स्प्रिंग दोन-चार वेळा रिले काढल्या-घातल्यावर पकड सोडते, पिन तापते, प्लास्टिक पिवळे पडते. पण यातून बेस टाळण्याचा नव्हे, चांगला बेस घेण्याचा निष्कर्ष निघतो. शक्यतो रिले आणि बेस एकाच कंपनीचे असावेत, बेसची प्रवाहक्षमता भारापेक्षा जास्त असावी आणि रिले धरून ठेवणारी क्लिप लावलेली असावी. क्रशरजवळच्या किंवा कंप्रेसरजवळच्या पॅनेलमध्ये ती क्लिप नसेल तर कंपनाने रिले हळूहळू वर सरकतो आणि अधूनमधून येणारा, मीटरला न सापडणारा बिघाड सुरू होतो. दुसरा आक्षेप असा की पीएलसी आल्यावर रिलेचे दिवस संपले. १९६९ साली मोडिकॉनचा पहिला पीएलसी आला तो रिलेंच्या भिंतीच हटवण्यासाठी, आणि त्या हटल्याही. मात्र पीएलसीचे ट्रान्झिस्टर आउटपुट सहसा २४ व्होल्टवर अर्धा अँपिअर देते, तर कॉन्टॅक्टरची कॉइल पुष्कळदा २३० व्होल्ट एसीची असते. मधे रिले लागतोच. फक्त आता तो सहा मिलिमीटर रुंदीच्या बारीक बेसवर बसतो. तिथे दाटी जास्त, म्हणून शिस्तही जास्त लागते: २४ व्होल्टच्या तारा एका चॅनेलने आणि २३० च्या दुसऱ्या चॅनेलने न्याव्यात.

‘रिले बदलतो’ याला एक अपवाद आहे. इमर्जन्सी स्टॉपसारख्या सुरक्षेच्या सर्किटमध्ये संपर्क यांत्रिकरीत्या एकमेकांशी बांधलेला रिले असतो. त्यातला एक संपर्क चिकटला तर त्याचा विरुद्ध जोडीदार मिटू शकत नाही आणि सर्किटला बिघाड कळतो. अशा रिलेच्या बेसमध्ये पिना जुळतात म्हणून साधा रिले खोचणे म्हणजे माणसाच्या हाताशी खेळणे होय. असा बेस वेगळ्या रंगाच्या मार्करने ओळखता आलाच पाहिजे.

पॅनेल ताब्यात घेताना एक चाचणी आवर्जून मागावी. सगळे रिले काढून ठेवायचे, कंट्रोल सप्लाय द्यायचा आणि एकेक हुकूम देत प्रत्येक रिकाम्या बेसवर ए१ आणि ए२ मध्ये मीटर लावून पाहायचे: लिहिलेलाच व्होल्टेज येतो का, डीसी असेल तर प्लस-मायनस बरोबर आहे का, हुकूम काढल्यावर तो शून्यावर जातो का. मग सप्लाय बंद करून प्रत्येक तार हलकेच ओढून पाहायची. यात जी तार हातात येते ती पुन्हा लग मारून जोडायची आणि त्यानंतरच रिले खोचून क्लिप लावायची.