एक दांडा, दोन धनी

अमेरिकेत 1966 साली ट्रान्स-ॲम ही मोटारशर्यतींची मालिका सुरू झाली. इंजिन जास्तीत जास्त पाच लिटरचं, म्हणजे 305 घनइंचांचं, आणि पळणारी गाडी शोरूममध्येही विकत मिळाली पाहिजे, असा नियम होता. शेव्हर्लेकडे त्या मापाचं इंजिन नव्हतं. त्यांनी 327 घनइंची ब्लॉकमध्ये 283 चा क्रँकशाफ्ट बसवला आणि 302 घनइंचांचं इंजिन तयार केलं. ते इंजिन घातलेली गाडी म्हणजे 1967 ची कॅमॅरो झेड/28. पहिल्या वर्षी जेमतेम 602 गाड्या बनल्या, पण 1968 आणि 1969 मध्ये मार्क डोनह्यूच्या जोरावर शेव्हर्लेने लागोपाठ अजिंक्यपद मिळवलं.

शोरूममधून घरी नेलेली झेड/28 मात्र लाडाची नव्हती. ऑटोमॅटिक गिअर मिळत नसे, एसी मिळत नसे. सिग्नलला उभी राहिली की इंजिन अडखळत धडधडे. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली तिला फारसा दम नसे. त्यापुढे मात्र ती सुसाट सुटे. हा सगळा स्वभाव ‘डंटॉव्ह 30-30’ या कॅमशाफ्टचा. डंटॉव्ह हे नाव कॉर्व्हेटचे अभियंते झोरा अर्कस-डंटॉव्ह यांचं, आणि 30-30 म्हणजे दोन्ही व्हॉल्व्हना 0.030 इंचाचा टॅपेट गॅप.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह किती उचलला जातो ती लिफ्ट. क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो ते ड्युरेशन. इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन म्हणजे लोब सेपरेशन. रस्ता आणि ट्रॅक या दोन्ही धन्यांसाठी निवड करायची ती या तीन आकड्यांची.

हवेलाही वजन असतं. पिस्टन तळ गाठून वर निघाला तरी वेगात आलेली हवा आत घुसतच राहते, म्हणून इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवतात. सात हजार फेऱ्यांवर हा उशीर कमाईचा. दोन हजारांवर मात्र तीच हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो, कॉम्प्रेशन घसरतं आणि पिकअप जातो. ओव्हरलॅपचंही तसंच. एक्झॉस्ट मिटण्याआधी इनटेक उघडला, तर वरच्या फेऱ्यांवर बाहेर धावणारा धूर ताजी हवा आत ओढून घेतो. आयडलिंगला तोच धूर उलट इनटेकमध्ये शिरतो, इंजिन मिसिंग मारतं, न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं आणि पीयूसीच्या यंत्रावर हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. व्हॅक्यूम घटल्याने ब्रेक बूस्टरची मदतही कमी होते, आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत हे थेट जिवाशी खेळणं आहे. मोठा कॅम इंजिनाला फुकट ताकद देत नाही. खालची ताकद काढून वर नेऊन ठेवतो.

म्हणून जाणकार कॅटलॉग उघडण्याआधी गाडीकडे बघतात. वजन किती, गिअर कसे, कॉम्प्रेशन किती, आणि इंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर राहणार? मग ड्युरेशन. इथे एक सापळा आहे. जाहिरातीतलं ड्युरेशन प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने मोजते. तुलना करायची तर टॅपेट 0.050 इंच उचलला जातो तिथपासूनचा आकडा विचारावा. त्या मापाने शेव्हर्लेच्या घरगुती व्ही-8 चा कॅम सुमारे 195 अंशांचा, तर 30-30 सुमारे 254 चा. इंजिनाचा आकारही बघावा लागतो. पाच लिटरमध्ये सुसह्य वाटणारा कॅम 1.3 लिटरच्या इंजिनात फारच उतावळा ठरतो. लोब सेपरेशन 114 च्या आसपास ठेवलं तर आयडलिंग शांत राहतं. 108 कडे आणलं की ओव्हरलॅप वाढतो आणि मधल्या फेऱ्यांत जोर येतो, पण खाली अडखळ येते.

नुसता कॅम बदलूनही भागत नाही. स्प्रिंग कमकुवत असेल तर व्हॉल्व्ह लोबची साथ सोडून तरंगतो. लिफ्ट वाढली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो. म्हणून पिस्टनच्या डोक्यावर मळलेली माती ठेवून, इंजिन हाताने फिरवून उरलेली जाडी मोजतात. इनटेकला दोन मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच, ही रूढ किमान मोकळीक.

महाराष्ट्रात कॅमशाफ्टचं गाव म्हणजे सोलापूर. 1992 मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स तिथल्या एमआयडीसीतून देश-विदेशातल्या वाहन कंपन्यांना माल पुरवते. चिल्ड कास्टिंगच्या पद्धतीत साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे बसवतात. वितळलेलं लोखंड तिथे चटकन थिजून कडक होतं आणि मधला दांडा मऊ राहतो. जुना कॅम रीग्राइंड करून स्वस्तात ‘रेसिंग’ करू पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ग्राइंडिंग खोल गेलं की तो कडक थरच संपतो.

दोन धन्यांची चाकरी एका दांड्याने करावी यासाठी होंडाने 1989 मध्ये व्हीटेक काढलं. एकाच कॅमशाफ्टवर शहरासाठी एक लोब आणि वरच्या फेऱ्यांसाठी दुसरा. बदल तेलाच्या दाबाने. त्या वर्षीच्या इंटिग्रातलं 1.6 लिटरचं इंजिन 160 अश्वशक्ती देत होतं आणि तरी कचेरीत जायला तयार असे. अशी सोय नसलेल्या इंजिनात तडजोड आपल्यालाच करावी लागते. ती करताना मनात भरलेल्या कॅमपेक्षा एक पायरी लहान कॅम घ्यावा. गाडी महिन्यातून एखादा रविवार ट्रॅकवर असते, बाकीचे दिवस ती ट्रॅफिकमध्येच असते.