बेरीज कोणी तपासली?

विद्यार्थ्यांना ४७, ८५ आणि २१ यांची बेरीज करायला सांगा. १५३ येते. शंभराच्या घरातला १ पुन्हा ५३ मध्ये मिळवला की ५४. संख्यांबरोबर हा ५४ पाठवला, तर घेणारा तीच बेरीज करून चूक पकडू शकतो. इंटरनेटवरील टीसीपीची पडताळा-बेरीज अशीच असते. फक्त तिथे १६ बिटांच्या द्विमान संख्या असतात आणि बेरजेतले ० व १ उलटवून पाठवतात.

मुख्य प्रक्रियकाचे श्रम वाचावेत म्हणून ही बेरीज आता बहुधा इथरनेट कार्डच करते. तिचा निकाल संगणकप्रणालीला कळवतो तो 'ड्रायव्हर' हा प्रोग्राम. लिनक्समध्ये त्याची मुख्य उत्तरे तीन: 'तपासले, बरोबर आहे', 'ही बेरीज घ्या, ताडून पाहा' आणि 'तपासलेले नाही'. कार्डाला चूक दिसली तरी ड्रायव्हरने पाकीट फेकू नये, तिसरे उत्तर द्यावे. कार्डाचीही गल्लत होऊ शकते. प्रणाली स्वतः बेरीज करून निर्णय घेते.

न तपासता 'बरोबर'चा शिक्का मारणे मात्र घातक. स्टोन आणि पार्ट्रिज यांच्या २००० सालच्या पाहणीत, तारेवरची ३२ बिटांची तपासणी असूनही सुमारे ११०० ते ३२००० पाकिटांमागे एकाची बेरीज चुकलेली निघाली. वाटेतल्या यंत्रांच्या स्मृतीतही माहिती बिघडते, ती तारेवरच्या तपासणीला दिसत नाही.

आता ४७ आणि ८५ यांची अदलाबदल करा. ही चूक बेरजेला सापडेल का? वर्गात विचारून पाहा.