रक्त जर्मन, जठर रशियातलं

सम्राज्ञी कॅथरीननं १७६३ मध्ये जमिनी देऊ केल्या आणि हजारो जर्मन शेतकरी वोल्गाकाठी जाऊन वसले. १९४१ मध्ये स्टालिननं त्यांच्या वंशजांना कझाकस्तान-सायबेरियात हाकललं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर लाखोंनी जर्मनीची वाट धरली. तिथे त्यांना ‘आउसझीडलर’ म्हणतात.

हायडेलबर्गच्या संशोधकांनी त्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष असा: जठराच्या कर्करोगानं मरणाऱ्यांचं प्रमाण स्थानिक जर्मनांपेक्षा जास्त, पण मागे राहिलेल्या रशियापेक्षा कमी. लग्नानं कुटुंबात आलेले रशियनही त्यांत होते, हे खरं. तरी ‘वांशिक फरक’ म्हणून माणसाच्या जनुकांवर खापर फोडायला इथे फारशी जागा उरत नाही.

जनुकं अगदीच निर्दोष आहेत असं नाही. सीडीएच१ या जनुकातला बिघाड १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी घराण्यात सापडला, मग युरोपीय घराण्यांतही. पीएससीए जनुकाचा जोखमीचा प्रकार जपानमध्ये २००८ मध्ये हाती लागला. तोही पुढे युरोपात दिसला. म्हणजे हे दोष कुठल्या एका वंशाची मक्तेदारी नाहीत. 

पण मुख्य संशयित आहे हेलिकोबॅक्टर पायलोरी. हा जिवाणू लहानपणीच, बहुधा घरच्यांकडून, पोटात शिरतो आणि उपचार न केल्यास सहसा जन्मभर मुक्काम ठोकतो. म्हणजे तोही वारशानंच येतो! बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतले मार्क अख्तमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लडाखमधल्या बौद्ध आणि मुस्लिमांच्या जठरांतले जिवाणू तपासले. माणसांच्या डीएनएत दोन्ही समाजांचा वेगळा इतिहास जेमतेम दिसत होता. जिवाणूंच्या डीएनएत तो स्पष्ट उमटला होता. बौद्धांच्या जिवाणूंत तिबेटी भाषकांच्या आगमनाची खूण होती, मुस्लिमांच्या जिवाणूंत जुन्या लडाखी वंशाचा वाटा मोठा होता.

शिवाय सगळे जिवाणू सारखे घातक नसतात. जठराच्या पेशीत ते ‘कॅगए’ नावाचं प्रथिन टोचतात. पूर्व आशियातला त्याचा प्रकार पेशीच्या वाढीची यंत्रणा पाश्चात्त्य प्रकारापेक्षा जास्त बिघडवतो. जपान-कोरियातल्या मोठ्या आकड्यांमागे हे एक कारण, खारवलेलं अन्न हे दुसरं. भारतात जिवाणू घरोघरी, तरी हा कर्करोग एकंदरीत कमी. मिझोराम मात्र ठळक अपवाद.

जर्मन डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वं या कर्करोगाच्या रुग्णाच्या आई-वडील, भावंडं, मुलांनी या जिवाणूची तपासणी करून घ्यावी असं सांगतात. तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर जातकुळी शोधत बसू नका. श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारा. जिवाणू सापडलाच तर तो औषधांनी घालवता येतो.