'जातीयवादी' : आरोप कुणावर, कशावरून आणि कशासाठी?

गेल्या विधानसभा निवडणुकीच्या निकालानंतरची गोष्ट आहे. जत तालुक्यातल्या एका गावात आपल्या वस्तीतल्या एका तरुणाने गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'या नेत्याला मत देणारे सगळे जातीयवादी.' मेसेज त्याचा नव्हता, कुठून तरी आलेला पुढे ढकलला होता. दोन दिवसांनी त्याच्या आईला डाळिंबाच्या बागेत खुरपणीला बोलावणे आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बागवाल्याने कारण सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही.

मी त्या घरी गेले तेव्हा पोरगा तावात होता. बागवाल्याच्या मुलाने ग्रुपवर त्याला उत्तर दिले होते, "आम्ही कधी तुझ्या आईला वेगळा पेला दिला काय?" त्यावर काय म्हणावे हे त्याला सुचले नव्हते. आई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पेला येगळा न्हाई. पण पाणी वरनंच वततात. पेला माझा मीच घरनं न्हेते."

पुरावा घरातच होता. पोराने तो कधी विचारलाच नव्हता. राज्याच्या नेत्याबद्दल त्याच्याकडे दहा व्हिडिओ होते, आईच्या पेल्याबद्दल एक वाक्यही नव्हते. हा लेख त्या पोरासाठी आहे आणि त्याच्यासारख्या आपल्या सगळ्यांसाठी आहे. नेत्यावर आणि त्याच्या समर्थकांवर जातीयवादाचा आरोप होतो, तेव्हा तो कसा तपासायचा, कसा मांडायचा आणि कुठे थांबायचे?

एकच शब्द, तीन अर्थ

पहिली अडचण शब्दाचीच आहे. मराठीत 'जातीय दंगल' म्हटले की लोकांना हिंदू-मुस्लिम दंगल आठवते. निवडणुकीच्या भाषणातले 'जातीयवादी पक्ष' म्हणजे बहुतेक वेळा धर्माच्या नावावर राजकारण करणारे पक्ष. दुसरा अर्थ म्हणजे जातीवरून माणसाला कमी लेखणारा, त्याचा हक्क नाकारणारा. तिसरा अर्थ अलीकडे फार चालतो, तो म्हणजे जातीचा विषय काढणारा. या तिसऱ्या अर्थाने अत्याचाराची तक्रार करणारा, आरक्षणाबद्दल बोलणारा आणि जयंतीला निळा झेंडा लावणारा असे सगळेच 'जातीयवादी' ठरतात.

२०२३-२४ मध्ये मराठा आणि ओबीसी आरक्षणाचा वाद पेटला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या नेत्यांवर हाच शिक्का मारला गेला. बोलणारा एका अर्थाने बोलत होता आणि ऐकणारा दुसऱ्या अर्थाने ऐकत होता. म्हणून वादात उतरण्याआधी आपण कोणत्या अर्थाने बोलतो ते सांगावे. या लेखात मी दुसरा अर्थ धरते : जन्मावरून माणसाला कमी लेखणे आणि त्याला संधी, सन्मान किंवा सुरक्षितता नाकारणे. रोग दाखवणाऱ्याला रोगी म्हणता येत नाही, म्हणून तिसरा अर्थ मला मान्य नाही.

जात म्हणजे वंश नव्हे, मग 'वर्णद्वेष' का म्हणतात?

अमेरिकेतल्या किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाशी आपण जातीची तुलना करतो. ती उपयोगी आहे, पण फरक माहीत हवा. जात ही वंशाची विभागणी नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणातच मांडले होते. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे वंशाने एकाच मातीचे आहेत, असा त्यांचा मुद्दा होता.

२००१ मध्ये डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वर्णद्वेषविरोधी परिषद झाली. तेव्हा भारत सरकारने हेच वाक्य वेगळ्या हेतूने वापरले. जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून तो विषय इथे नको, अशी सरकारची भूमिका होती. दलित संघटनांनी मात्र तिथे जाऊन प्रश्न मांडला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने स्पष्ट केले की, १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारातील 'कुळावरून होणारा भेदभाव' यात जातीचाही समावेश होतो. २०२३ मध्ये अमेरिकेतील सिअॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली.

म्हणजे कारणे वेगळी असली तरी दुखणे सारखे आहे : माणसाने काय केले ते न पाहता तो कुणाच्या पोटी जन्मला ते पाहणे. एवढे लक्षात ठेवले की 'जात आणि वर्णद्वेष वेगळे, म्हणून तुमची तक्रार खोटी' या युक्तिवादाला उत्तर देता येते.

नामांतराने शिकवलेला धडा

नेता, त्याचा मुद्दा आणि त्याचे समर्थक यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर नामांतराकडे परत जावे लागते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. बाबासाहेबांनी १९५० मध्येच औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात करून तिथल्या उच्च शिक्षणाची वाट मोकळी केली होती, त्यामुळे मागणीला आधार होता. ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. घरे जळली, माणसे गाव सोडून गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला.

विरोध करणाऱ्यांत हैदराबाद मुक्तिसंग्रामातले ज्येष्ठ नेते गोविंदभाई श्रॉफ होते. मराठवाड्याची अस्मिता जपली पाहिजे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. शिवसेनेचाही विरोध होता. दुसरीकडे एस. एम. जोशी आणि बाबा आढाव नामांतराच्या बाजूने उभे राहिले. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव मिळाले, पण 'मराठवाडा' हा शब्द ठेवून. म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. ठरावापासून त्या दिवसापर्यंत साडेपंधरा वर्षे गेली.

आता प्रश्न विचारू. प्रदेशाचे नाव राहावे असे म्हणणे हा जातीयवाद आहे का? निव्वळ तो युक्तिवाद तसा नाही. पण वाद नावाचा असताना घरे एकाच समाजाची का जळाली? अस्मितेच्या युक्तिवादात याचे उत्तर सापडत नाही. मुद्दा वरून प्रादेशिक होता आणि त्याच्या आडून गावोगावचा जुना राग बाहेर पडत होता. शिकलेला, नोकरीला लागलेला, पाटलाच्या वाड्यासमोरून ताठ चालणारा दलित तरुण हा त्या रागाचा विषय होता.

मी यातून तीन गोष्टी घेते. नेत्याच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसत नाही, त्याच्या भूमिकेचा परिणाम दिसतो, म्हणून वाद परिणामावर करावा. आपल्या बाजूच्या लोकांनी हिंसा केली तेव्हा नेता काय बोलला आणि कधी बोलला, ही त्याची खरी परीक्षा आहे. तिसरी गोष्ट समर्थकांची. ज्या समाजाच्या नावाने विरोध झाला, त्या समाजातली माणसे नामांतराच्या बाजूनेही होती. 'सगळे' म्हटले असते तर आपण तीही गमावली असती.

कायदा मताला नाही, कृतीला ओळखतो

आपल्या शेजारच्या कराडचे नाव या विषयात देशभर गेले. तिथल्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी अॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा नोंदवण्यावर आणि अटकेवर अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात जीवही गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८ अ घालून त्या अटी काढल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःचे निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८ अ वैध ठरवले.

त्याआधी २०१६ मध्ये निघालेल्या मराठा मोर्चांत या कायद्यात बदल करण्याची मागणी होती. तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी मोर्चातल्या प्रत्येकाला जातीयवादी म्हटले. त्या मागणीला मी तेव्हाही विरोध केला आणि आजही करते. पण त्या मोर्चात कोपर्डीच्या मुलीसाठी रडलेल्या बायाही होत्या आणि शेती तोट्यात गेलेली पोरेही होती. मागणी चुकीची होती हे सिद्ध करता येते. लाखो माणसांची मने सिद्ध करता येत नाहीत.

कायद्याची रचनाही अशीच आहे. सार्वजनिक ठिकाणी लोकांसमक्ष जाणूनबुजून अपमान करणे किंवा जातीवाचक शिवी देणे हा गुन्हा आहे. अमुक उमेदवाराला मत दे किंवा देऊ नको म्हणून धमकावणे हा गुन्हा आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे, नुसती तशी धमकी देणे, हाही २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. कुणाला मत दिले हा गुन्हा नाही. अपमान झाला तरी तो जातीमुळे झाला हे दाखवावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पुन्हा सांगितले.

आता त्या आईकडे बघा. मेसेजमुळे तिचे काम बंद झाले असेल, तर तो आर्थिक बहिष्काराचा प्रश्न होऊ शकतो. पण मुलाच्या मेसेजमध्ये 'सगळे' हा शब्द असल्यामुळे गाव आईच्या रोजगारावर बोलेना, मेसेजवरच बोलू लागले.

बाबासाहेबांची पद्धत

१९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळी ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण ब्राह्मणांना बाहेर ठेवण्याची अट घातली. बाबासाहेबांनी ती नाकारली. आपले भांडण ब्राह्मण माणसांशी नसून ब्राह्मण्याशी आहे, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मण्याचा अर्थ स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारण्याची वृत्ती असा सांगितला. ही वृत्ती कोणत्याही जातीत असू शकते, हेही सांगितले.

यात मवाळपणा नव्हता. काँग्रेस आणि गांधींवर त्यांनी १९४५ मध्ये अख्खे पुस्तक लिहिले. त्यात पुणे करारानंतरचा हिशेब आहे, निवडणुकांचे आकडे आहेत. आरोप जितका मोठा तितकी कागदपत्रे जास्त, हा त्यांचा शिरस्ता होता. बुद्धांनीही माणूस जन्माने नीच ठरत नाही, कृतीने ठरतो, असेच सांगितले. हा नियम आपल्या विरोधकालाही लावावा लागतो, तरच तो नियम राहतो.

मेसेज पाठवण्याआधी

शिबिरात मी तरुणांना पाच प्रश्न विचारायला सांगते.

१. नेमके काय बोलले किंवा केले? पूर्ण भाषण पाहिले का, की वीस सेकंदांचा तुकडा?

२. त्याचा परिणाम कुणावर झाला? रोजगार, पाणी, शाळा, रस्ता, जीव, यांपैकी कशावर?

३. ही एकदाची चूक आहे की वागण्याची रीत? चूक दाखवल्यावर त्याने माफी मागितली का?

४. मी नेत्याबद्दल बोलतोय की त्याला मत देणाऱ्या लाखोंबद्दल? समर्थकाला विचारायचा प्रश्न 'तू जातीयवादी आहेस का' हा नाही. 'तुझ्या नेत्याने हे केले, ते तुला मान्य आहे का' हा आहे. पहिल्या प्रश्नाने दार बंद होते. दुसऱ्याला उत्तर द्यावेच लागते, आणि 'मान्य आहे' असे उत्तर आले तर त्याची जबाबदारी त्या माणसावर येते.

५. हाच प्रश्न मी माझ्या नेत्याला विचारेन का?

पाचवा सर्वांत जड आहे. आपल्या तालुक्यात बौद्ध, मातंग, चांभार, होलार शेजारी राहतात. एकमेकांत सोयरिकी किती होतात? कमिटीत पदे कुणाला मिळतात? आपल्या मंचावरून दुसऱ्या अनुसूचित जातीच्या माणसाबद्दल वावगे बोलले गेले तेव्हा आपण किती जण उठलो? 'तुम्हीच जातीयवादी' असे कुणी म्हणाले तर नुसते चिडून भागत नाही. खोटे असेल तर पुराव्याने खोडावे, खरे असेल तर दुरुस्त करावे.

त्या पोराने पुढे काय केले ते सांगते. आम्ही दोघांनी बसून नवा मेसेज लिहिला. 'सगळे' काढले आणि तसे म्हणणे चुकले हेही लिहिले. नेत्याचे नाव काढले नाही, पण ज्या वाक्यावर आक्षेप होता ते वाक्य तारखेसह दिले. शेवटी लिहिले : 'माझी आई बागेत स्वतःचा पेला का नेते, याचे उत्तर कुणी देईल का?'

ग्रुप दिवसभर गप्प होता. संध्याकाळी दोघांनी पोराला फोन केला. त्यातला एक त्याच नेत्याचा कार्यकर्ता होता. त्याला नेत्याबद्दल काही बोलायचे नव्हते, पण पेल्याचे खरे आहे, असे तो म्हणाला. आई आठवड्याने कामावर गेली, पण दुसऱ्या बागेत. जुन्या बागवाल्याने अजून बोलावलेले नाही. तिच्या कामाच्या दिवसांची वही आता पोरगा लिहितो, तारीखवार.