बाळाच्या वाटीत केशरी रताळं

रताळं म्हटलं की आपल्याला आठवते एकादशी. मोझांबिकमध्ये मात्र ते लहान मुलांच्या डोळ्यांसाठी कामाला लागलं! तिथलं नेहमीचं पांढरं रताळं पोट भरायचं, पण त्यात ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ते कमी पडलं की रातांधळेपणा, आणि गोवर-जुलाबही जिवावर बेततात. मारिया आंद्राडे आणि सहकाऱ्यांनी आतून केशरी असलेले वाण तिथे रुजवले. २०१६चं वर्ल्ड फूड प्राइझ त्यासाठीच. आपल्याकडेही ‘भू सोना’ हे केशरी वाण आहे. सहा महिन्यांनंतर बाळाला द्या उकडून, कुस्करून, वर थोडं तूप. तूप लाडासाठी नाही हं, बीटा कॅरोटिन अंगी लागायला स्निग्ध काहीतरी हवंच! आणि मंडईत सालीवर जाऊ नका. गुलाबी सालीआड बहुधा पांढरंच निघतं.