वाड्याची विश्रांति

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर दिवसभर वाहनांचा गोंगाट चालू असतो आणि दुकानांच्या पाट्यांनीं डोळे दिपून जातात. परंतु विश्रामबाग वाड्यासमोर येतांच नजर आपोआप वर जाते व पाऊल क्षणभर मंदावतें. गोंगाट तर तसाच असतो. मग मनास हा निवांतपणा येतो कोठून?

आमच्या मतें याचें कारण प्रमाणबद्धता हें आहे. वाड्याच्या दर्शनी भागीं सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लांकडी खांब ठराविक अंतरानें उभे आहेत व वर नक्षीदार सज्जा आहे. एक खांब पाहिला कीं डोळा दुसऱ्याची अपेक्षा करतो, आणि ती पुरी होते. आंत चौकांत गेलें म्हणजे आकाशाचा एक तुकडा आपल्या वांट्यास येतो. तापलेली हवा चौकांतून वर निघून जाते, जाड भिंती उष्णता चटकन् आंत येऊं देत नाहींत, ओसरीवर ऊन सौम्य होऊन येतें. ही विश्रांति केवळ मनाची नव्हे. ती शरीरासही कळते.

हा वाडा दैवयोगानें उरला असें मात्र कोणीं समजूं नये. शनिवारवाड्यांतील महाल १८२८ च्या आगींत भस्मसात् झाले. १८७९ सालच्या आगींत बुधवारवाडा नामशेष झाला. त्याच वर्षीं विश्रामबागेचाही भाग जळाला; पण नगरपालिकेच्या पैशानें व लोकवर्गणीनें तो पुन्हा उभारण्यांत आला. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा भरूं लागली, व तिचेंच पुढें डेक्कन कॉलेज झालें. पेशवाई गेल्यावरही वाडा लोकांच्या उपयोगी पडत राहिला, म्हणूनच त्याची काळजी वाहणारे लोक निघाले.

सरकारी वा नगरपालिकेच्या वास्तूंची ही गोष्ट झाली. पेठांतील खासगी वाड्यांचें काय? एका वाड्याला दहा वारस, भाडें नांवापुरतें, पावसाळ्यांत कौलें गळतात, आणि दाराशीं इमारत बांधणारा उभा. अशा कुटुंबास वारशाचा नुसता उपदेश करणें अन्यायाचें होईल. अंधाऱ्या खोल्या व गैरसोयीच्या मोऱ्या आम्हांसही प्रिय नाहींत. त्या खुशाल बदलाव्या. मात्र चौक व ओसरी यांस हात लावण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून विचार करावा. दुरुस्ती चुन्यांतच करावी. सिमेंटच्या गिलाव्यानें जुन्या भिंतींतील ओल आंत कोंडते व तिला टेकलेलें लांकूड कुजूं लागतें. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावींत व वाळवीवर नजर ठेवावी.

एवढें करूनही वाडा पाडणें अटळच झालें, तर निदान त्याचा नकाशा काढून ठेवावा, छायाचित्रें घ्यावींत, आणि नव्या इमारतींत सर्वांना बसतां येईल असा एक उघडा चौक राखावा. जागेचा भाव वाढेल, पैसा येईल व खर्चही होईल. पण संध्याकाळीं घरांतील लहानथोरांनीं जेथें एकत्र बसावें, अशी जागा एकदां गेली म्हणजे पुन्हा मिळणें कठीण, हें वारसांनीं सही करण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें.