गिरणी सत्त्याऐंशी पटींनी लहान करताना

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर नावाचं शहर आहे. तिथे मेरिमॅक नदीच्या काठी अमोस्केग कंपनीची अकरा नंबरची गिरणी होती. लांबी ९०० फूट, रुंदी १०३ फूट, आत सुमारे ४,००० माग. ही गिरणी ‘एचओ’ प्रमाणात, म्हणजे ८७ पटींनी लहान करून मॉडेल रेल्वेच्या टेबलावर उभी करायची ठरवली, तर तिची लांबी सव्वातीन मीटरच्या जरा आत बसते. आपल्याकडच्या बहुतेक बैठकीच्या खोल्यांची एक भिंत त्यातच संपली. आणि ही झाली एकच इमारत. कंपनीच्या अशा तीसेक मोठ्या इमारती नदीकाठानं सुमारे मैलभर पसरल्या होत्या. तो मैल ८७ने भागला तरी साडेअठरा मीटर उरतो.

एवढं असूनही मॉडेल रेल्वेसाठी गिरणीइतका चांगला विषय दुसरा नाही. मॉडेल रेल्वे म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गोल गोल फिरणारी मेल गाडी. पण लहान करण्याच्या कामात मेल गाडीइतकी फसवी वस्तू नाही. खऱ्या मुख्य मार्गावर ३०० मीटर त्रिज्येचं वळणसुद्धा तीव्र समजलं जातं. एचओमध्ये त्याची त्रिज्या जवळपास साडेतीन मीटर होते. अर्धवर्तुळ वळायलाच सात मीटर रुंद खोली हवी. म्हणून बाजारात मिळणारे रूळ १८ इंच त्रिज्येचे असतात. खऱ्या मापात ते वळण ४० मीटरचं झालं. त्यावर खरी एक्स्प्रेस घातली तर डबे एकमेकांवर चढतील. टेबलावरची एक्स्प्रेस मात्र तिथून खुशाल पळते, आणि बघणाऱ्याच्या मनात कुठेतरी ‘खेळणं’ अशी नोंद होते.

कारखान्याच्या सायडिंगवर हा घोटाळा जवळपास होतच नाही. तिथली इंजिनं आखूड, वाघिणी चाळीस फुटी, वेग माणसाच्या चालण्याचा आणि वळणं खरोखरच तेवढी तीव्र, कारण दोन भिंतींच्या मधून वाट काढायची असते. अमोस्केगमध्ये तर गिरण्यांच्या भिंतीच नदी आणि कालव्याच्या वळणाबरोबर वळवून बांधल्या होत्या, आणि रूळ त्यांच्या कुशीतून गेले होते. रेल्वेचा इतका छोटा, इतका संथ तुकडा निवडला की मॉडेल करणाऱ्याला कमीत कमी खोटं बोलावं लागतं. राहिलेलं खोटं मात्र नीट समजून बोलावं लागतं, कारण लांबी ८७ने भागता येते, भौतिकशास्त्राचे नियम भागता येत नाहीत.

वजनापासून सुरुवात करू. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पटींनी घटतात, त्यामुळे वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे ६,५८,५०३ पटींनी घटतं. पन्नास टनांचं शंटिंग इंजिन ७६ ग्रॅमचं होतं. वीस टनांची रिकामी वाघीण अवघी ३० ग्रॅमची. एवढी हलकी वाघीण रुळावर टिकत नाही. खऱ्या चाकाखाली आलेला धुळीचा कण चिरडला जातो. मॉडेलचं चाक त्याच कणावर चढून रुळाबाहेर जातं. शिवाय इंजिनाला वीज रुळातूनच मिळते, आणि चाक रुळावर पुरेसं दाबून बसलं नाही तर तीही तुटते. म्हणून अमेरिकेतल्या ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’नं एचओ वाघिणीसाठी शिफारस केली आहे: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस. चाळीस फुटी वाघिणीला हे वजन १०० ग्रॅमच्या थोडं वर जातं. हिशेबानं यायला हवं त्याच्या तिप्पट-साडेतिप्पट. दिसायला बरोबर असणारी वाघीण तोलायला चुकीची असावीच लागते.

वेगाची गंमत याहून मोठी आहे. समजा खरी गाडी सेकंदाला दहा मीटर वेगानं चालली आहे आणि ब्रेक लावल्यावर १०० मीटरमध्ये थांबते. मॉडेलचा वेग ८७ने भागला आणि वेग कमी होण्याचा दर तोच ठेवला, तर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे ८७ने नव्हे, ८७च्या वर्गानं. खरं म्हणजे मॉडेलनं सव्वा मीटरच्या जरा आत थांबायला हवं. ते थांबतं १३ मिलिमीटरमध्ये. बटण सोडलं की जागच्या जागी खिळतं. शेकडो टनांची गाडी अशी खिळलेली आपण कधी पाहिलेली नसते, म्हणून भिंतीवरची वीट न् वीट रंगवलेली असली तरी पहिल्या शंटिंगलाच सोंग उघडं पडतं. जुन्या लोकांनी यावर इंजिनात पितळेचं जड चक्र बसवून उपाय शोधला: मोटर बंद झाली तरी चक्र फिरत राहतं. १९९०च्या दशकापासून डिजिटल नियंत्रण आलं आणि इंजिनातली चिपच जडत्वाचं नाटक करू लागली. चालवणाऱ्यानं वेग शून्यावर आणला तरी ती गाडीला हळूहळू घरंगळू देते. वाघीण गिरणीच्या दाराशी नेमकी थांबवायची तर आता खऱ्या ड्रायव्हरसारखं आधीपासून अदमास घ्यावा लागतो.

आखूड इंजिनाची एक अडचण सांगायलाच हवी. सांध्यावर दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे विजेचं शॉर्टसर्किट होऊ नये म्हणून स्वस्त सांध्यांमध्ये प्लास्टिकचा तुकडा असतो. लांब इंजिन तो सहज ओलांडतं, कारण त्याची बाकीची चाकं जिवंत रुळावर असतात. चार चाकी शंटिंग इंजिन मात्र संथ चालीत नेमकं तिथेच मरतं. गिरणीच्या यार्डात सांध्यांना तोटा नसतो. मग छेदाचा तुकडा धातूचा घेऊन त्याला स्वतंत्र वायर द्यायची, किंवा इंजिनात कपॅसिटर बसवून क्षणभराची वीज साठवायची.

मापाचा एक घोळ आपल्या फार जवळचा आहे. एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे. ते १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी बरोबर बसतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला १९ मिलिमीटरहून अधिक अंतर हवं, आणि तसे रूळ तयार मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय गाडीचं एचओ मॉडेल बाजारातल्या रुळांवर चालवलं की ते पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. ब्रिटिशांनी तर ही चूक प्रथा म्हणूनच स्वीकारली. त्यांचं ‘ओओ’ प्रमाण १:७६, पण रूळ तेच साडेसोळा मिलिमीटरचे. पुण्यात कर्वे रोडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे गेलात तर गाड्यांबरोबर रुळांमधल्या अंतराकडेही जरूर पाहा.

आता गिरणी. तिची भिंत आखडती घ्यावीच लागते, प्रश्न आहे कुठून. अनुभवी लोक खिडक्यांची संख्या कमी करतात, खिडकी कधीच लहान करत नाहीत. आपला डोळा इमारतीचा आकार दार, खिडकी आणि मजल्याच्या उंचीवरून ताडतो. एका रांगेत चाळीस खिडक्या आहेत की चौदा, हे कुणी मोजत नाही. मागच्या बाजूची गिरणी तर चार-पाच सेंटिमीटर जाडीची, पार्श्वभूमीच्या पडद्याला चिकटवलेली नुसती दर्शनी भिंत असली तरी चालते.

विटेचा हिशेब केला की छाती दडपते. अमेरिकन वीट एचओमध्ये सव्वादोन मिलिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटरहून कमी उंच होते. दोन विटांमधला चुन्याचा थर एक दशांश मिलिमीटर, केसाच्या जाडीचा. तो रंगवत बसायचा नसतो. विटांचा रंग वाळला की पातळ पांढुरका रंग भिंतभर फासून लगेच पुसायचा. खाचांमध्ये अडकेल तेवढाच राहतो. रंग निवडताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, घरात काही शे. खऱ्या गिरणीच्या विटेचा हुबेहूब रंग खोलीत काळपट दिसतो, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळतात. किती, यावर शौकिनांमध्ये भांडणं होतात. माझं मत विचाराल तर थोडा जास्तच मिसळावा.

पाणी मात्र कुणाचंच ऐकत नाही. अमोस्केगची सगळी सुरुवात पाण्यापासून झाली. धबधब्याचा पन्नासहून अधिक फुटांचा उतार कालव्यांतून गिरण्यांच्या चक्रांवर आणलेला होता, वाफ नंतर आली. कालव्याशिवाय मॉडेल अपुरं. पण टेबलावरच्या कालव्यात खरं पाणी ओतलं, तर पृष्ठताणामुळे ते भिंतीच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर चढतं. ८७ने गुणलं की वीतभर. नळाचा एक थेंब टाकला तर तो गिरणी कामगाराच्या डोक्याहून मोठा. म्हणून कालवा रेझिनचा करतात. गंमत अशी, की ओतलेलं रेझिनही तसंच कडेला चढतं, आणि ते वाळल्यावर खरडून काढावं लागतं.

गाडीला काम काय द्यायचं, हा प्रश्न गिरणी आपोआप सोडवते. कोळशाची वाघीण बॉयलरकडे, कापसाच्या गासड्यांची पिंजण खात्याच्या दाराशी, खळीसाठी स्टार्च सायझिंगकडे, आणि कापड भरायला रिकामी वाघीण गोदामाला लागते. अर्धवट खाली झालेली वाघीण वाटेत उभी असली तर ती बाहेर काढायची, मागची आत घालायची आणि पहिली पुन्हा त्याच दाराशी नेमकी लावून द्यायची. ब्रिटनच्या ॲलन राइट यांनी याच कामाचं नितळ कोडं बनवलं: ‘इंगलनूक सायडिंग्ज’. तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूला इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा. आठ वाघिणींमधून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमानं गाडी लावायची. आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६,७२० वेगवेगळ्या गाड्या. हे सगळं एचओमध्ये सहा फुटी फळीवर मावतं. दोन सांधे आणि एक इंजिन एवढ्या भांडवलावर इतकी डोकेफोड क्वचितच मिळते.

अमोस्केगवर काम करणाऱ्याला कागदपत्रांची ददात नाही. सॅनबर्न कंपनीनं आगीच्या विम्यासाठी काढलेल्या अमेरिकन शहरांच्या नकाशांत इमारतीचं बांधकामाचं साहित्य, मजले आणि शेजारचे रूळ नोंदलेले असतात. कंपनीचा स्वतःचा इतिहासही चक्रावणारा आहे. १८३१ साली रीतसर स्थापन झालेल्या या कापड कंपनीनं मधली काही वर्षं रेल्वे इंजिनंच बनवली, दोनशेहून अधिक. यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा तिनं बंदुका केल्या. त्याच अडलेल्या कापसानं इकडे मुंबईच्या बाजारात पैशांचा पाऊस पडला आणि १८६५मध्ये तो बाजार कोसळलाही. लेव्हाय स्ट्रॉसच्या सुरुवातीच्या जीन्सचं कापड अमोस्केगचं होतं. भरभराटीच्या काळात तिथे १७,००० माणसं कामाला होती.

त्यांतली काही माणसं म्हणजे मुलं होती. लुइस हाइन यांनी १९०९ साली मँचेस्टरमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवले आहेत. मॉडेलच्या दुकानात १:८७ मापाच्या माणसांची पाकिटं मिळतात: हमाल, छत्रीवाली बाई, कुत्रा घेतलेला म्हातारा. भरलेल्या बॉबिन काढणारा लहान मुलगा त्यात नसतो. १९२२मध्ये पगारकपात आणि ४८ऐवजी ५४ तासांच्या आठवड्याविरुद्ध इथे नऊ महिने संप चालला. त्याचा मोर्चा कुणी टेबलावर उभा केलेला मी तरी पाहिला नाही. गिरणगावचा वारसा सांगणाऱ्या वाचकाला ही उणीव चटकन खुपेल. भिंतीवरची काजळी इतक्या प्रेमानं रंगवणाऱ्यांना दारातली माणसं जमत नाहीत असं नाही. ती हवीशी वाटत नाहीत.

अमोस्केगचं एक प्रचंड मॉडेल त्याच गिरणीच्या जुन्या इमारतीत आहे. सी सायन्स सेंटरमधला हा देखावा सुमारे तीस लाख लेगो विटांचा आहे आणि १९००च्या आसपासचं यार्ड दाखवतो. लेगोचा माणूस उंचीनं मोजला तर प्रमाण १:४२च्या आसपास येतं, रुंदीनं मोजला तर भलतंच काही. एवढा ढोबळ ठोकळा असूनही यार्डाची भव्यता त्यातून पोचते, कारण तिथे जागेची काटकसर करावी लागलेली नाही.

घरी करणाऱ्यानं मात्र आधी साल ठरवावं. २४ डिसेंबर १९३५ला कंपनी बंद पडली. योगायोग असा, की मॉडेल रेल्वेवाल्यांची ती राष्ट्रीय संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली होती. पुढच्या वर्षी गावातल्या लोकांनी पन्नास लाख डॉलर उभे करून अख्खं यार्ड विकत घेतलं आणि लहान-लहान उद्योगांना भाड्यानं दिलं. बहुतेकांना भरभराटीचं १९१० साल मोहात पाडतं, पण तेव्हा सगळी दारं एकाच मालकाची होती: कापूस आत, कापड बाहेर. मी १९३८ निवडेन. इमारती त्याच, रूळ तेच, दारांवरच्या पाट्या तेवढ्या वेगळ्या, आणि प्रत्येक भाडेकरूला स्वतःची वाघीण सकाळी सर्वांत आधी हवी असते.